फॉरमॅट केली तरी डिस्क जुनंच नाव सांगते

नमस्कार मंडळी. या वेळी डिस्क पुसण्याबद्दलच इतके प्रश्न आलेत की प्रिंटरवाले आणि वायफायवाले प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका. कमांड इथे देवनागरीत लिहितेय, फोनवर एखाद्याला सांगतो ना तशा. टाइप करताना अर्थात इंग्रजी स्मॉल लेटरमध्ये करायच्या, आणि डिस्कचं नाव म्हणून मी जिथे एसडीबी लिहिलंय तिथे तुमच्याकडे जे असेल ते. हे नाव चुकलं तर चांगली डिस्क जाते, म्हणून एंटर मारायच्या आधी प्रत्येक वेळी थांबून वाचा.

ताई, ऑफिसमधला जुना नॅस बॉक्स (नेटवर्कवर सगळ्यांच्या फाईली ठेवायचा डबा) बंद केला तेव्हा त्यातली ४ टीबीची डिस्क मला मिळाली. घरच्या लिनक्सला लावली, जुनी पार्टिशन उडवली, एकच मोठं पार्टिशन करून एक्स्ट-४ मध्ये फॉरमॅट केलं. माउंट करायला गेलो की म्हणतं "अननोन फाईलसिस्टिम टाइप झेडएफएस मेंबर". तीनदा फॉरमॅट करून झालं. डिस्क खराब आहे का? – एक वाचक, सांगली

डिस्क अजिबात खराब नाहीये, टाकून बिकून देऊ नका. तुमच्याकडे शेती असेल तर लगेच कळेल, सोसायटीचं कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप जात नाही, तो वेगळा अर्ज देऊन कमी करून घ्यावा लागतो, तसंच झालंय हे. जुनी फाईलसिस्टिम (डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत, तुमच्या डिस्कवर ती झेडएफएस होती) गेली पण तिची नोंद राहिली, आणि माउंट करणारा, म्हणजे डिस्क वापरायला जोडून देणारा प्रोग्रॅम ती नोंद वाचून गोंधळतोय.

प्रत्येक फाईलसिस्टिम डिस्कवर आपली ओळख सांगणारे काही ठराविक बाइट लिहून ठेवते, त्याला सिग्नेचर म्हणतात. गंमत अशी की प्रत्येकीची जागा वेगळी. एक्सएफएस अगदी पहिल्या बाइटपासून सुरू होते, एक्स्ट-४ पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून आपला सुपरब्लॉक, म्हणजे स्वतःच्या मुख्य माहितीचा तुकडा, लिहिते, बीटीआरएफएस ६४ केबीवर लिहिते आणि वर ६४ एमबीला आणि २५६ जीबीला त्याच्या प्रती ठेवते, सीडीची आयएसओ फाईलसिस्टिम ३२ केबी सोडून. लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची सोय) असेल तर १.२ व्हर्जनचा मेटाडेटा सुरुवातीपासून ४ केबीवर असतो आणि १.० चा चक्क शेवटी. आणि तुमची झेडएफएस सगळ्यात सावध, ती २५६ केबीचं एक अशी ४ लेबलं लिहिते, २ सुरुवातीला आणि २ शेवटी, म्हणजे एक टोक उडालं तरी दुसऱ्या टोकावरून ओळख पटावी. डेटा जपायचा म्हणून केलेली सोय आहे ती, पण डिस्क रिकामी करायची वेळ आली की तीच आडवी येते.

आता तुम्ही काय केलं बघा. एक्स्ट-४ फॉरमॅट करणारा प्रोग्रॅम त्याला लागतात तेवढ्याच जागा लिहितो. सुरुवातीच्या दोन लेबलांवर बहुतेक त्याचा स्वतःचा मजकूर येऊन पडतो. शेवटाकडे मात्र तो जेमतेम थोडाच भाग साफ करतो, तेही मुख्यतः जुन्या रेडसाठी, त्यामुळे तिथल्या लेबलांचा बराच भाग तसाच राहिला. तीनदा काय तीसदा फॉरमॅट केलं तरी तो तेवढ्याच जागा लिहिणार. आणि आठवून बघा, फॉरमॅट करताना त्याने विचारलंही असेल की यावर झेडएफएस मेंबर दिसतंय, पुढे जाऊ का, आणि आपण सवयीने वाय दाबतो. तो प्रश्न खूप महत्त्वाचा असतो हो, तिथेच थांबायचं असतं.

यासाठी लिनक्समध्ये एक छोटं हत्यार आहे, वाइपएफएस. वाइप आणि त्यालाच चिकटून एफ एस, मध्ये जागा नाही. युटिल-लिनक्सच्या पॅकेजमध्ये येतं, त्यामुळे बहुतेक तुमच्याकडे आहेच. याची भीती वाटते लोकांना नावामुळे, पण नुसतं सुडो वाइपएफएस स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी१ एवढंच टाइप केलं तर ते काही पुसत नाही, फक्त दाखवतं. तुमच्या डिस्कवर चालवलं की एक टेबल येईल, त्यात ऑफसेट नावाच्या कॉलमखाली हेक्समधले आकडे आणि टाइपखाली नाव. एक ओळ ०एक्स४३८ ला एक्स्ट-४ ची असेल (हेक्स ४३८ म्हणजे १०८०, म्हणजे १०२४ वरचा सुपरब्लॉक आणि त्यात ५६ बाइट आत त्याची खूण), आणि मग खाली झेडएफएस मेंबर, झेडएफएस मेंबर, झेडएफएस मेंबर अशा ओळीच ओळी, मोठमोठ्या ऑफसेटच्या. घाबरू नका, ती डिस्कवर पन्नास फाईलसिस्टिम असल्याची खूण नाही. झेडएफएसच्या प्रत्येक लेबलात उबरब्लॉक नावाच्या नोंदींची एक रांग असते आणि प्रत्येक नोंदीवर तोच शिक्का असतो, वाइपएफएस प्रत्येक शिक्का वेगळा मोजतं.

डिस्कवर अजून काही ठेवलं नसेल (माउंटच होत नाहीये म्हणजे नसेलच) तर सरळ नव्याने करा, तेच स्वच्छ. आधी एलएसबीएलके मायनस एफ चालवून कुठली डिस्क कुठली ते साइज आणि नावावरून पक्कं करा. मग पार्टिशन माउंट नाही ना ते बघा. मग वाइपएफएस मायनस ए, आधी एसडीबी१ वर, आणखी पार्टिशन असतील तर त्या प्रत्येकावर, आणि सगळ्यात शेवटी नुसत्या एसडीबीवर म्हणजे अख्ख्या डिस्कवर. त्यानंतर नवीन पार्टिशन टेबल, नवीन पार्टिशन, नवीन फॉरमॅट.

हा क्रम मी मुद्दाम सांगतेय, आतून बाहेर. बरेच जण डायरेक्ट अख्ख्या डिस्कवर चालवतात आणि मग म्हणतात वाइपएफएस काम करत नाही. अहो अख्ख्या डिस्कवर चालवलं की पुसलं जातं ते पार्टिशन टेबल, आतल्या फाईलसिस्टिमला हातही लागत नाही. आणि आजकाल जवळजवळ प्रत्येक टूल पहिलं पार्टिशन १ एमबीपासूनच सुरू करतं, त्यामुळे तुम्ही नवीन टेबल करून नवीन पार्टिशन बनवलं की ते बरोबर जुन्याच जागेवर बसतं आणि आत जुनी फाईलसिस्टिम फाईलींसकट हजर. मी हे एका वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर डोळ्यांनी बघितलंय, नवीन कोरं पार्टिशन म्हणून उघडलं आणि आत मागच्या १० वर्षांच्या सभासदांच्या याद्या जशाच्या तशा. त्या दिवशी कुणाला तरी त्या याद्या हव्याच होत्या म्हणून आनंद झाला, पण तीच डिस्क भंगारात गेली असती तर?

कुणाच्या डिस्कवर नवीन डेटा भरून झालाय आणि मग लक्षात आलं असेल की बीएलकेआयडी (डिस्कवर कुठली फाईलसिस्टिम आहे ते सांगणारी कमांड) दोन-दोन नावं सांगतंय किंवा "अँबिव्हॅलंट रिझल्ट" असं काहीतरी म्हणतंय, तर त्यांनी मायनस ए अजिबात एकटं मारू नये, ते नव्या एक्स्ट-४ चीही खूण पुसून टाकेल. तिथे मायनस ए बरोबर मायनस टी झेडएफएस मेंबर असं द्यायचं (मध्ये अंडरस्कोर), म्हणजे फक्त त्या जातीच्या खुणा जातात. आणि त्याआधी मायनस एन लावून एकदा रंगीत तालीम करून घ्या, ते काय काय पुसणार ते सांगतं पण पुसत नाही. शिवाय डबल मायनस बॅकअप दिलं तर पुसलेले बाइट होम फोल्डरमध्ये (सुडोने चालवलं तर बहुतेक रूटच्या, म्हणजे अॅडमिनच्या) छोट्या फाईलींमध्ये ठेवतं, चुकलं तर परत लिहिता येतात. हे का शक्य आहे, तर वाइपएफएस फक्त ते दोन-चार-आठ खुणेचे बाइट शून्य करतं, बाकी डिस्कला हात लावत नाही. याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवा, वाइपएफएसने फाईली पुसल्या जात नाहीत. त्यावर खाली बोलूच.

"डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" आलं तर समजा की कुणीतरी त्या डिस्कला अजून धरून आहे, कधी स्वॅप चालू असतो, कधी सिस्टिमने जुनी रेड ओळखून स्वतःहून जोडून घेतलेली असते, कधी एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था. एलएसबीएलकेमध्ये डिस्कच्या खाली एमडी१२७ सारखं काही लटकलेलं दिसेल. आधी ते सोडवा, रेड असेल तर एमडीएडीएम या रेडच्या कमांडने स्टॉप करून मग झिरो सुपरब्लॉक. फोर्स लावून रेटू नका, चालू असलेली गोष्ट खालून पुसली की वरचा प्रोग्रॅम नंतर तिथेच परत काहीतरी लिहून ठेवतो आणि आपण म्हणतो अरे पुसलं होतं की.

अजून एक, सगळं नीट पुसून झाल्यावरही बीएलकेआयडी जुनंच सांगत असेल तर ते स्वतःच्या साठवलेल्या यादीतून बोलत असू शकतं, मायनस पी देऊन विचारा म्हणजे ते खरंच डिस्क वाचतं. आणि ही डिस्क आधी तुमच्याच मशीनवर होती असं असेल तर एफएसटॅब फाईल (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) तपासा, फॉरमॅट केलं की यूयूआयडी, म्हणजे फाईलसिस्टिमचा ओळख क्रमांक, बदलतो पण एफएसटॅबमध्ये जुनाच राहतो, मग बूट होताना मशीन १ मिनिट ३० सेकंद त्या नसलेल्या डिस्कची वाट बघत बसतं आणि लोकांना वाटतं नवीन डिस्कमुळे कॉम्प्युटर स्लो झाला.

मी डीडी कमांडने डिस्कचे पहिले १०० एमबी शून्य केले, म्हणजे पार्टिशन टेबल जाणार ना? पण जीडिस्क हा पार्टिशनचा प्रोग्रॅम उघडलं तर म्हणतं मुख्य हेडर खराब आहे पण बॅकअप चांगला आहे, त्यावरून परत बनवतो. हे कुठून आलं? – एक विद्यार्थिनी, नांदेड

डिस्कच्या शेवटून आलं. जीपीटी जातीचं पार्टिशन टेबल दोन ठिकाणी असतं, मुख्य हेडर दुसऱ्या सेक्टरवर (पहिल्या सेक्टरवर जुन्या पद्धतीच्या एमबीआरची एक राखणीची नोंद असते) आणि त्याची प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरवर, यादीसकट धरली तर शेवटचे ३३ सेक्टर. तू पुढचं दार बंद केलंस, मागचं उघडं राहिलं. वाइपएफएस मायनस ए अख्ख्या डिस्कवर चालवलंस तर ते पुढची मागची दोन्ही खूण काढतं, किंवा एसजीडिस्कला झॅप ऑल सांग, तेही तेच करतं. डीडीने शेवटचे सेक्टर पुसता येतात पण त्यासाठी डिस्कचे एकूण सेक्टर काढून त्यातून वजाबाकी करून सीक, म्हणजे कुठून लिहायला सुरू करायचं तो आकडा, द्यावा लागतो आणि रात्री अकरा वाजता केलेल्या वजाबाकीवर माझा तरी विश्वास नाही, म्हणून मी ते सुचवत नाही. तुझा प्रश्न मात्र फार आवडला, मेसेज नीट वाचून विचारलंस.

आमच्या मंडळाच्या साऊंड सिस्टिमसाठी १६ जीबीचा पेन ड्राइव्ह होता, पोराने त्यावर उबंटू टाकलं होतं. आता विंडोजमध्ये फक्त काही एमबीचा दिसतो, राइट क्लिक करून फॉरमॅट केलं तरी तेवढाच. आरत्या, गाणी काही बसत नाही. नवीन घ्यावा का? – एक कार्यकर्ता, कोल्हापूर

दादा, नवीन कशाला, याचे १६ जीबी कुठे गेलेले नाहीत. उबंटूची आयएसओ पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली की त्यावर सीडीची फाईलसिस्टिम, पार्टिशन टेबल आणि बूट होण्यासाठी एक चिमुकलं पार्टिशन असं सगळं एकदम येतं, कारण ती एकच फाईल सीडीवरूनही चालावी आणि पेन ड्राइव्हवरूनही अशी बनवलेली असते. विंडोजला त्यातलं ते चिमुकलं पार्टिशनच कळतं, आणि राइट क्लिकचं फॉरमॅट त्या पार्टिशनपुरतंच चालतं, त्याच्या भिंती ते हलवत नाही.

कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डिस्कपार्ट टाइप करा. लिस्ट डिस्क म्हणा. इथे डोळे उघडे ठेवा, तुमची कॉम्प्युटरची डिस्क बहुतेक डिस्क ० असेल, १ टीबीची असेल तर ९३१ जीबी दाखवेल, आणि पेन ड्राइव्ह १४ जीबी की असं काहीतरी (कंपनी हजारात मोजते, विंडोज १०२४ मध्ये, म्हणून कमी दिसतं, फसवणूक नाही ती). समजा तो डिस्क २ आहे, तर सिलेक्ट डिस्क २, आणि मग लगेच डिटेल डिस्क म्हणून नाव वाचा, पेन ड्राइव्हच्या कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. पटलं तरच क्लीन. क्लीन "खरंच करू का" असं विचारत नाही, एंटर मारलं की केलं. त्यानंतर कन्व्हर्ट एमबीआर, क्रिएट पार्टिशन प्रायमरी, मग फॉरमॅट एफएस इज इक्वल टू फॅट३२ क्विक, आणि असाइन.

एमबीआर आणि फॅट३२ असं मी मुद्दाम सांगितलं, कारण मिरवणुकीच्या गाडीवरचे, कारमधले, भजनी मंडळाच्या पोर्टेबल स्पीकरमधले प्लेयर बहुतेक एवढंच वाचतात, एनटीएफएस किंवा जीपीटी दिलं की गप्प बसतात. फॅट३२ ला एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही पण गाण्यांना त्याचं काय. एवढं करूनही कुठल्या मशीनला तो पेन ड्राइव्ह अजून सीडी वाटत असेल तर क्लीनच्या ऐवजी क्लीन ऑल द्या, ते प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं. वेळ लागतो, सेकंदाला १० एमबीचा वेग धरला तर १६ जीबीला २७ मिनिटांच्या आसपास, त्या वेळात पेन ड्राइव्ह ओढू नका. आणि प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री हे करू नका हो, आठवडाभर आधी करून एकदा त्याच सिस्टिमवर वाजवून बघा.

जुना लॅपटॉप विकायचाय. त्यात आधार-पॅनचे स्कॅन, रिटर्नच्या फाईली, घरचे फोटो सगळं होतं. डिलीट केलं, डी ड्राइव्ह क्विक फॉरमॅटही केला. एवढं पुरे ना? – एक वाचक, पुणे

नाही, पुरे नाही, आणि बरं झालं विकायच्या आधी विचारलंत.

मी काही वर्षांपूर्वी एका दुकानातून सेकंडहॅंड हार्ड डिस्क घेतली होती, ५०० जीबीची, दुकानदार म्हणाला फॉरमॅट करून दिलीय ताई, एकदम कोरी. उघडली तर खरंच रिकामी. मी या सदरासाठी फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम तपासत होते, तो फाईलींची यादी बघतच नाही, सरळ डिस्कवरचे ब्लॉक वाचत जातो आणि जेपीजी फोटोची सुरुवात जशी ठराविक बाइटने होते तशा खुणा शोधतो. म्हटलं याच डिस्कवर लावून बघू. दहा मिनिटांत फोल्डरमध्ये फोटो यायला लागले. पहिला जो उघडला त्यात एक आजी होत्या, हिरव्या नऊवारीत, मांडीवर बारशाचं बाळ, मागे दोरीला लावलेले फुगे. पुढचा फोटो एका रेशनकार्डाचा होता. मी तिथेच बंद केलं, सगळं पुसलं, आणि ती डिस्क रात्रभर शून्य लिहायला लावली. त्या घरातल्या कुणाला माहितीही नसेल की त्यांचं बारसं आणि रेशनकार्ड एका दुकानाच्या काउंटरवरून माझ्याकडे आलं होतं. तेव्हापासून या विषयावर कुणी विचारलं की मी थोडी जास्तच बोलते.

क्विक फॉरमॅट म्हणजे नवीन कोरी अनुक्रमणिका. पानं तशीच. विंडोज व्हिस्टापासून पुढे क्विकची टिक काढून फॉरमॅट केलं तर मात्र पूर्ण पार्टिशनवर शून्य लिहिली जातात, त्यामुळे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या डी ड्राइव्हसाठी तेवढं केलंत तरी चालेल. सी ड्राइव्ह चालू विंडोजमधून फॉरमॅट होत नाही, त्यासाठी सेटिंगमधलं रिसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि तिथे चेंज सेटिंग्जमध्ये जाऊन क्लीन डेटा चालू करायचं. हे शेवटचं बरेच जण करत नाहीत कारण ते आत लपलेलं आहे आणि त्याने वेळ खूप जातो. जाऊ द्या वेळ. १ टीबीच्या हार्ड डिस्कला सेकंदाला १२० एमबीच्या वेगाने एकदा शून्य लिहायला साधारण सव्वादोन तास लागतात, विंडोजचं स्वतःचं याहून हळू चालतं, रात्री लावून झोपा.

एकदा लिहिलं तर पुरतं का, ३५ वेळा लिहावं लागतं ना, असं कुणीतरी नक्की सांगेल. तो ३५ चा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या पेपरमधून आलाय, त्या काळच्या वेगवेगळ्या जातीच्या ड्राइव्हसाठीचे सगळे पॅटर्न एकत्र करून, आणि नंतर त्यांनी स्वतःच सांगितलं की सगळे ३५ एकाच ड्राइव्हवर मारण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची ८००-८८ नावाची जी मार्गदर्शिका आहे तीही आजच्या हार्ड डिस्कला एकदा नीट लिहिलेलं बहुतेक कामांना पुरतं असंच धरते. म्हणून एकदा, पण पूर्ण.

एसएसडी असेल तर गोष्ट वेगळी आहे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये डिस्कखाली एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं, आधी ते बघा. एसएसडीत एकाच जागी परत परत लिहिलं तर ती जागा झिजते म्हणून आतला कंट्रोलर प्रत्येक वेळी लिखाण दुसरीकडे फिरवतो, शिवाय थोडी राखीव जागा तो स्वतःकडे ठेवतो जी आपल्याला दिसतच नाही. त्यामुळे वरून शून्य लिहिलं तरी एखादी जुनी प्रत त्या राखीव कोपऱ्यात राहू शकते. तिथे डिस्कलाच सांगायचं की बाई तूच सगळं पूस. बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये सिक्युअर इरेज असा पर्याय असतो, एसएसडीच्या कंपनीचं टूल असतं, लिनक्सवाल्यांना एनव्हीएमई जातीच्या एसएसडीसाठी एनव्हीएमई फॉरमॅटला एसईएस १ देता येतं. हे काही मिनिटांचं, कधीकधी सेकंदांचं काम असतं, एवढ्या लवकर झालं म्हणून शंका घेऊ नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) पहिल्यापासून चालू होतं असं असेल तर तुमचं काम आणखी सोपं, कारण आत सगळं कुलपात आहे आणि सिक्युअर इरेजने किल्लीच जाते. आत्ता विकायच्या आदल्या दिवशी बिटलॉकर चालू केला तर मात्र तो फायदा पूर्ण मिळत नाही, आधीच्या उघड्या प्रती राखीव जागेत असू शकतात, म्हणून नवीन लॅपटॉप घ्याल त्यावर पहिल्याच दिवशी चालू करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

आणि डिस्क चालूच होत नसेल, पुसताच येत नसेल, तर ती लॅपटॉपमधून काढून घ्या आणि लॅपटॉप डिस्कशिवाय विका. शंभर-दोनशे कमी येतील. येऊ देत.

मॅकवर डिस्क युटिलिटीत इरेज केलं तरी जुनं पार्टिशन राहतंय. – एक वाचक, टोरांटो

डावीकडच्या यादीत तुम्हाला फक्त व्हॉल्यूम दिसतोय आणि तुम्ही तोच इरेज करताय. व्ह्यू मेनूत शो ऑल डिव्हाइसेस करा, मग सगळ्यात वरची, कंपनीच्या नावाची ओळ निवडा, तेव्हाच स्कीम निवडायचा पर्याय येईल, तिथे जीयूआयडी किंवा एमबीआर जे हवं ते देऊन इरेज करा. बाहेरच्या डिस्कसाठीच सांगतेय हे, मॅकच्या आतल्या डिस्कवर असं करू नका.

आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. डिस्क पुसत असताना मध्येच गेली तर डिस्क जाते का? – एक वाचक, बीड

साध्या शून्य लिहिण्यात नाही जात. अर्धी डिस्क शून्य, अर्धी जुनी एवढंच होतं, लाईट आली की परत पहिल्यापासून लावा. डीडीने करत असाल तर स्टेटस प्रोग्रेस देऊन चालवा, म्हणजे किती झालं ते दिसत राहतं, एखाद्या वहीत अधूनमधून तो आकडा लिहून ठेवा. बीएस १एम (एका वेळी लिहायचा तुकडा, इथला एम मात्र कॅपिटल) असेल आणि शेवटचा लिहिलेला आकडा समजा ३,००,००० एमबी असेल तर पुढच्या वेळी सीक २,८०,००० देऊन तिथून सुरू करा, थोडं मागून घेतलेलं बरं, कारण शेवटचं काही मेमरीतच राहून गेलेलं असू शकतं. वाइपएफएस तर डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, त्याची काळजीच नको.

फक्त साटा केबलच्या एसएसडीचं सिक्युअर इरेज लिनक्सच्या एचडीपार्म कमांडने करणार असाल तर सांभाळा. त्यात आधी ड्राइव्हला एक पासवर्ड लावावा लागतो आणि इरेज पूर्ण झालं की तो आपोआप निघतो. मध्येच लाईट गेली तर ड्राइव्ह कुलूपबंद राहू शकतो आणि नंतर कुठल्याच कॉम्प्युटरवर उघडत नाही, लोक मेला समजून फेकतात. मेलेला नसतो तो, त्याच पासवर्डने परत इरेज दिलं की सुटतो. म्हणून पासवर्ड साधा ठेवा, कागदावर लिहा, तो कागद काम होईपर्यंत कॉम्प्युटरलाच चिकटवून ठेवा, आणि हे काम डेस्कटॉपवर करायचं असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवर करा.